फ्रिजच्या मागचा ट्रे आणि साथीचं गणित

पावसाळा लागला की आमच्या नाशिकच्या सिडकोत मलेरिया विभागाची माणसं दारावर येतात. गेल्या जुलैत आलेला मुलगा विशीतला असेल. हातात टॉर्च, पाठीवर सॅक, सॅकमध्ये अ‍ॅबेट या अळीनाशकाची बाटली. गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, सगळं बघून झालं आणि मग म्हणाला, "काकू, फ्रिज जरा पुढे ओढता का?" फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो हे मला माहीत होतं, पण तो कधी काढून पाहिला नव्हता. त्याने टॉर्च मारला. फार तर दोन पेले पाणी, आणि त्यात स्वल्पविरामाएवढे सात-आठ जीव वळवळत होते. मी ओशाळून म्हटलं, "एवढ्याशा पाण्याने काय होणार आहे?" तो काही बोलला नाही. ट्रे बाहेर नेऊन कोरड्या फरशीवर ओतला, काथ्याने कडा खरखरून घासल्या, दाराशी भिंतीवर खडूने तारीख टाकली आणि वहीत 'पॉझिटिव्ह' लिहून शेजारच्या घराची बेल वाजवली.

त्याने कडा का घासल्या हे मला नंतर कळलं. डेंग्यूचा डास, म्हणजे एडिसची मादी, अंडी भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला, पाण्याच्या जरा वर चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणजे नुसतं पाणी फेकून दिलं तर अंडी तिथेच. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. आणि वहीतल्या त्या 'पॉझिटिव्ह'ची पुढे बेरीज होते. शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा आकडा निघतो. त्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. तो चढायला लागला की त्या भागात डेंग्यूचे रुग्ण वाढण्याआधीच हालचाल करता येते.

त्या मुलाला बहुधा कोणी सांगितलं नसेल, पण त्याच्या टॉर्चमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा विचार उभा आहे. नवे आजार कसे येतात, कसे पसरतात आणि कुठे अडवता येतात, याच्या ज्या सैद्धांतिक चौकटी सार्वजनिक आरोग्यात शिकवतात, त्यांचं नाव ऐकलं की झोप येते. खरं तर प्रत्येक चौकट एकच प्रश्न निरनिराळ्या जागी उभं राहून विचारते: ही साखळी नेमकी कुठे तोडायची?

सगळ्यात जुनी आणि अजूनही कामाची चौकट त्रिकोणाची. एका कोपऱ्यात रोगजंतू, दुसऱ्या कोपऱ्यात माणूस, तिसऱ्यात परिसर. माझ्या घरी त्या दिवशी डासाला हवा तो परिसर होता आणि चावून घ्यायला आम्ही चौघं होतो. विषाणू तेवढा नव्हता. तिन्ही कोपरे जुळल्याशिवाय आजार होत नाही, म्हणून तिन्हींपैकी कुठलाही एक मोडला तरी चालतं. डेंग्यूच्या विषाणूवर थेट औषध नाही, लसही आपल्याकडे सर्रास मिळत नाही, म्हणून सगळा भार तिसऱ्या कोपऱ्यावर. महापालिका फ्रिजच्या मागे का शिरते, त्याचं उत्तर हे.

पण शहरातला प्रत्येक ट्रे कोण घासणार? इथे रोनाल्ड रॉस येतात. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला आणि १९०२मध्ये त्यांना नोबेल मिळालं, एवढं शाळेत शिकवतात. त्यानंतरचं त्यांचं काम माझ्या मते तितकंच मोठं आहे, पण ते फारसं कोणी सांगत नाही. रॉस यांनी कागदावर मांडून दाखवलं की मलेरिया घालवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. हिशेब असा: डासाने आजारी माणसाला चावायला हवं, परोपजीवी आत वाढेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस, त्याने जगायला हवं आणि मग दुसऱ्या निरोगी माणसाला चावायला हवं. बहुतेक डास त्याआधीच मरतात. त्यामुळे डासांची संख्या एका पातळीखाली आली की एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी नव्या रुग्णांना जन्म देतो आणि आजार आपोआप विझत जातो. त्या काळच्या अनेकांना हे पटलं नाही. सगळे डास मारता येत नाहीत तर थोडे मारून काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता. माझ्या 'एवढ्याशा पाण्याने काय होणार'ला तोच वास आहे, फक्त उलट्या बाजूने.

ही पातळीची कल्पना पुढे सगळ्याच साथींना लागू झाली, आणि त्यात मुंबईचा हात आहे. १९२७मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीचं गणित मांडणारा एक निबंध लिहिला. मॅकेंड्रिक यांनी भारतात वैद्यकीय सेवेत बरीच वर्षं काढली होती. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. त्यांनी लोकसंख्येचे तीन डबे केले: ज्यांना आजार होऊ शकतो ते, ज्यांना झालाय आणि जे तो पसरवताहेत ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून खेळातून बाहेर पडले ते. माणसं पहिल्या डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. कोरोनाच्या काळात टीव्हीवर जे आलेख चढताना-उतरताना दिसायचे त्यांचं मूळ हेच. आणि आपलं गणित खऱ्या आकड्यांशी जुळतं का हे पाहायला त्यांनी घेतली ती डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंची आकडेवारी.

त्यातून निघालेला निष्कर्ष आजही लोकांना उलटा वाटतो. साथ ओसरते ती सगळ्यांना आजार होऊन गेला म्हणून नाही. पहिल्या डब्यातली माणसं पुरेशी विरळ झाली की जंतूला पुढचा गडी सापडेनासा होतो, आणि बरेच लोक अस्पर्श राहूनही साथ थांबते. लसीकरणाची टक्केवारी इथूनच येते. गोवरात एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देतो, म्हणून ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. गावातल्या दहा मुलांपैकी नऊ मुलांना लस दिली की आपण खूश होतो, गोवर मात्र त्या दहाव्याला शोधत येतो.

एक रुग्ण किती जणांना देतो, हा आकडा स्वयंभू नसतो. तो तीन गोष्टींचा गुणाकार आहे: रोज किती जणांशी संबंध येतो, प्रत्येक वेळी लागण होण्याची शक्यता किती, आणि माणूस किती दिवस आजार पसरवतो. समजा रोज १० जण, शक्यता शंभरात ५ आणि दिवस ४. गुणाकार येतो २. म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार. दहाव्या फेरीला १,०२४. आता काहीही अचाट न करता प्रत्येक गोष्ट थोडी थोडी कमी करा. १०ऐवजी ७ जणांना भेटा, मास्क लावून वा खिडक्या उघडून शक्यता ५वरून ४वर आणा, आणि लवकर तपासणी करून वेगळं राहिल्याने दिवस ४ऐवजी ३ होऊ द्या. गुणाकार ०.८४. एकही गोष्ट निम्मी केलेली नाही, तरी साथ चढायची ती उतरायला लागली. कोरोनात "मास्कने शंभर टक्के थोडंच वाचतं?" असं विचारणाऱ्यांशी वाद घालून माझा घसा बसला होता. हे गणित तेव्हा हाताशी असतं तर निदान घसा तरी वाचला असता.

पण कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्या त्या निबंधात एक गंमत लपली आहे. मुंबईच्या प्लेगची वक्ररेषा समीकरणाशी फार देखणी जुळली, आणि तरी ती जुळायला नको होती. प्लेग मुळात उंदरांचा आजार. उंदरांवरच्या पिसवा तो माणसात आणतात, आणि मुंबईत तो दरवर्षी ऋतूबरोबर चढायचा-उतरायचा. तीन डब्यांच्या गणितात ना उंदीर होते, ना पिसवा, ना हवामान. पुढच्या गणितज्ञांनी हे दाखवून दिलं. आकडे जुळले म्हणजे कारण सापडलं असं होत नाही.

चौकट चुकली की माणसांचं काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, लगेच पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात रँडसाहेबांची प्लेग कमिटी सैनिक घेऊन घरांत शिरली. त्यांच्या डोक्यातली चौकट अशी: प्लेग घाणीतून आणि माणसाच्या स्पर्शातून पसरतो. म्हणून माणसं उचलून छावणीत, सामान रस्त्यावर आणि जाळात, फरशीवर जंतुनाशक. उंदीर त्या आराखड्यात नव्हता. पिसू तर नव्हतीच. पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवांची भूमिका दाखवली ती १८९८मध्ये, कराचीत. २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली गेली. लोक रुग्ण लपवू लागले, आणि लपवलेला रुग्ण कुठल्याच गणितात येत नाही. त्याच वर्षी १० मार्चला रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आमच्या नाशिकजवळच्या भगूरमध्ये सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९मध्ये प्लेगनेच गेले.

गंमत म्हणजे खेड्यांत तोवर लोकांची स्वतःची एक चौकट तयार झाली होती. घरात "उंदीर पडला" की समजायचं, आणि घरदार सोडून गाव माळावर झोपड्या टाकून राहायला जायचं. आमच्या आजेसासूबाई त्यांच्या आईकडून ऐकलेल्या अशा झोपड्यांबद्दल सांगायच्या. माणूस आजारी पडायची वाट न पाहता जनावराच्या मृत्यूवरून धोका ओळखायचा आणि पिसवांपासून लांब व्हायचं, हे साहेबाच्या जंतुनाशकापेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ होतं. पिसू हा शब्द मात्र त्या गोष्टीत कधी आला नाही.

आता वेळेचा प्रश्न. मला विचाराल तर सगळ्या चौकटींत हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित. २००३मध्ये सार्स आला. सुमारे आठ हजार लोकांना झाला, ७७४ माणसं गेली, आणि काही महिन्यांत, लस नसताना, तो संपला. सतरा वर्षांनी त्याचाच भाऊबंद आला आणि जग बंद पडलं. फरक फक्त जंतू किती पसरतो एवढाच नव्हता. २००४मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी लिहिलं होतं की नवा आजार आटोक्यात येईल की नाही हे दोन आकडे मिळून ठरवतात: एक रुग्ण किती जणांना देतो, आणि त्यातल्या किती जणांना लक्षणं दिसण्याआधीच देतो. सार्सचा रुग्ण ताप चढून आजार बळावल्यावर पसरवायचा, म्हणून तापाच्या रुग्णाला वेगळं ठेवलं की काम व्हायचं. कोरोनाचा रुग्ण आदल्या दिवशी लग्नात जेवून आलेला असायचा. विमानतळावर कपाळाला लावलेली तापाची बंदूक सार्ससाठी ठीक होती, कोरोनासाठी ती शोभेची.

देवीचा रोग याच हिशेबात हरला. देवीच्या रुग्णाला आधी ताप येतो, मग पुरळ, आणि खरा प्रसार पुरळ उठल्यावर. म्हणजे रुग्ण डोळ्यांनी ओळखता येतो. १९६६मध्ये नायजेरियात विल्यम फीगे यांच्याकडे सगळ्यांना पुरेल इतकी लस नव्हती. त्यांनी रुग्ण शोधायचा आणि फक्त त्याच्या भोवतालच्या माणसांना लस टोचायची, असं रिंगण आखलं. साथ थांबली. भारतातही १९७०च्या दशकात हाच मार्ग धरला: घरोघर देवीच्या मुलाचं चित्र दाखवून "असा कोणी आहे का?" विचारायचं, सापडला की रिंगण टाकायचं, बातमी देणाऱ्याला बक्षीस. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५मधला. आमच्या आधीच्या पिढीच्या दंडावरचे ते गोल व्रण म्हणजे एक यशस्वी सिद्धांतच.

रिंगणाला मात्र जागा लागते. २०२०च्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव राज्यातल्या मोठ्या हॉटस्पॉटपैकी एक झालं, तेव्हा "घरातच विलगीकरणात राहा" या सूचनेचा अर्थ यंत्रमागाच्या वस्तीतल्या एका खोलीत सहा-सात माणसं राहणाऱ्या घराने काय लावायचा होता, हे सूचना लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. तीन डब्यांचं गणित धरून चालतं की सगळे एकमेकांत सारखे मिसळतात. गंगापूर रोडवरचा चार खोल्यांचा फ्लॅट आणि ती खोली एकाच डब्यात टाकली की उत्तर चुकणारच.

इथवर सगळं माणसाला आजार झाल्यावरचं. पण नवे आजार येतात कुठून? माणसात नव्याने डोकं वर काढणाऱ्या आजारांपैकी तीन-चतुर्थांश प्राण्यांकडून येतात. त्यांच्या प्रवासाची एक शिडी २००७मध्ये वुल्फ, डुनाव्हन आणि डायमंड या तिघांनी मांडली. खालच्या पायरीवर जंतू फक्त प्राण्यात. दुसऱ्या पायरीवर तो प्राण्याकडून माणसात येतो, पण माणसाकडून माणसाला जात नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज तसा. तिसऱ्या पायरीवर माणसांत दोन-चार उड्या मारून थांबतो. चौथ्यावर लांब साथी, आणि पाचव्यावर तो पूर्ण माणसाचाच होतो, गोवरासारखा. बहुतेक जंतू खालच्या पायऱ्यांवरच अडकून राहतात. म्हणून पैसा आणि लक्ष खालच्या पायऱ्यांवर घालावं. प्रत्यक्षात आपण पाचव्या पायरीवर रुग्णालयं बांधतो.

खालच्या पायरीचं उदाहरण आपल्या नाशिक विभागातच आहे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीत बर्ड फ्लू सापडला, भारतात पहिल्यांदा. कोंबड्या मारून पुरल्या, अंडी नष्ट केली, पोल्ट्रीवाले बसले. पुढे जळगाव जिल्ह्यातही तेच. नाशिकलाही चिकनचं दुकान उघडून बसणाऱ्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. माणसात मात्र एकही रुग्ण निश्चित झाला नाही. माणसासाठी हा विजय, आणि त्याचं बिल पोल्ट्रीवाल्याच्या नावावर. भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळेल अशी खात्री नसेल तर पुढच्या वेळी मेलेली कोंबडी कळवायच्या आधी तो दहादा विचार करेल. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र धरणाऱ्या विचाराला 'वन हेल्थ' म्हणतात. त्यासाठीची राष्ट्रीय संस्था नागपुरात उभी राहते आहे. भाषणांत हा शब्द फार गोड लागतो. त्याची खरी परीक्षा त्या भरपाईच्या धनादेशात आहे.

दोडामार्गच्या काजूबागांतली माणसं ज्याला माकडताप म्हणतात, तो क्यासानूर जंगलातला आजार, १९५७मध्ये शिमोग्याकडे ओळखला गेला आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गात पोहोचला. तिथे मेलेलं माकड ही धोक्याची घंटा, जशी प्लेगात पडलेला उंदीर. गोचीड तिथे पिसवेच्या जागी. २०१८मध्ये कोझिकोडला निपाह आला, वटवाघळाकडून. एकाच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी आला तेव्हा डॉक्टरांना शंका आली, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेलाही (एनआयव्ही) गेले, आणि १७ बळी घेऊन तो तिथेच थांबला. शिडीची तिसरी पायरी ती. एका डॉक्टरला वेळेवर शंका येणं यालाही यंत्रणेत जागा असायला हवी, नाहीतर तो शंका गिळून टाकतो.

आता सिंहस्थ. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक-त्र्यंबकला अमृतस्नानं आहेत, ऐन पावसाळ्यात. हे सगळं पुस्तकातलं तेव्हा रामकुंडाच्या पायऱ्यांवर उतरणार आहे. इथे उपयोगी पडते ती चाळण्यांची कल्पना. जेम्स रीझन यांनी अपघातांसाठी ती भोकं पडलेल्या चीजच्या कापांवरून मांडली. आपल्या घरात चाळणी आहे. एक चाळणी घेतली तर दाणे पडणारच. पाच चाळण्या एकावर एक ठेवल्या, आणि भोकं एका रेषेत आली नाहीत, तर फार थोडे पडतात. पाण्याचं क्लोरिनेशन एक चाळणी, शौचालयं दुसरी, अन्नछत्रांची तपासणी तिसरी, तात्पुरते दवाखाने चौथी, हात धुणं पाचवी. एकही निर्दोष नाही.

यातली एक जवळून पाहण्यासारखी आहे. पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली की काम झालं, असं वरून वाटतं. पण पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि उरते पांढरी माती. म्हणून शेवटच्या नळाशी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात: काचेच्या नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. साधारणपणे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं, साथीत जास्त. रंगच आला नाही तर पाणी कितीही नितळ दिसो, ते वरच्या टाकीत पडलेल्या पावडरीच्या पोत्याच्या भरवशावर आहे. एका यात्रेत मी एका पाणीपुरवठ्याच्या माणसाला पाहिलं होतं. नळी डोळ्यांसमोर धरून तो बराच वेळ रंगाची वाट पाहत राहिला, मग काही न बोलता मोटारसायकल टाकीकडे वळवली.

पण सगळ्या चाळण्या नाशिकमध्येच लावून भागत नाही. कॉलऱ्याची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो. त्र्यंबकला पाणी प्यायलेला भाविक जुलाबांनी आडवा पडेल तो बहुधा जालन्यात, इंदूरला किंवा रेल्वेच्या डब्यात. १८६७च्या हरिद्वारच्या कुंभानंतर कॉलरा असाच परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर भारतभर गेला होता. नाशिकच्या तात्पुरत्या दवाखान्यातला तक्ता तेव्हा अगदी स्वच्छ दिसेल. २०१५च्या सिंहस्थात काही दवाखान्यांत टॅबलेटवर रोजच्या रुग्णांची नोंद करून पाहिली होती, ते चांगलंच. देशाची साथरोग सर्वेक्षण यंत्रणा २००४पासून आहे. उपकेंद्रातली ताई ताप, जुलाब, कावीळ अशा लक्षणांवरून नोंद पाठवते, डॉक्टर निदानावरून, प्रयोगशाळा तपासणीवरून. पण २०२७च्या सप्टेंबरात परभणीच्या किंवा बऱ्हाणपूरच्या एखाद्या ओपीडीत जुलाबाचा रुग्ण आला, तर केसपेपर लिहिणाऱ्याने नाव-वय-पत्त्यानंतर आणखी एक ओळ लिहायला हवी: गेल्या आठवड्यात कुठे जाऊन आलात?